किल्ली असताना फोडलेलं दार

इस्त्रीवाल्या मावशींकडे अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या असत. कपडे नुसते दारात टाकून जाणं त्यांना जमायचं नाही. घरात कुणी नसलं तरी कुलूप उघडून ज्याचा सदरा त्याच्याच कपाटात ठेवायच्या, वर आतला पसारा पाहून नंतर दोन शब्द सुनवायच्याही.

शत्रू येतोय म्हटल्यावर राजधानी रिकामी झाली. सरकार सगळ्यांच्या आधी गेलं, जाताना ‘येतो’ म्हणायचीही रीत पाळली नाही. गल्लीतली माणसं मात्र मावशींच्या दाराशी थांबून, घराकडे लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली. मावशींच्या नवऱ्याचे गुडघे वाण्याच्या दुकानापलीकडे जायला तयार नसत, म्हणून ती दोघं राहिली.

मग फौज आली. लढायला कुणीच नाही. एवढे रणगाडे आणून हात हलवत परत जायचं कसं? तेव्हा त्यांनी दारं फोडायला घेतली. पहिलं दार शाळेतल्या बाईंचं. मावशी जुडगा घेऊन धावल्या, किल्ली पुढे केली. अधिकाऱ्याने त्यांना बाजूला सारलं. किल्लीने उघडलेलं घर जिंकलेलं दिसत नाही, कॅमेऱ्यात धडक दिसली पाहिजे, असं त्याने समजावलं. आणि दार फोडलं. आत होतं काय, तर एक खाट आणि वाळत घातलेला टॉवेल. रिकाम्या घराचं दार फोडायला शौर्य लागत नाही हो, लाथ पुरते! उरलेली गल्ली उद्या, असं सांगून ते गेले.

मावशींचा असा जळफळाट झाला की त्या दिवशी इस्त्रीला कोळसा लागला नसता. हातोडी घेऊन त्या निघाल्या. घरोघरी जाऊन बिजागऱ्यांच्या खिळी ठोकून काढायच्या, दोघांनी दार उचलायचं आणि पलंगावरच्या गादीखाली घालायचं. नवरा कण्हत म्हणाला, “अगं, सरकारने राजधानी सोडली, आणि तू दारं कसली वाचवतेस?”

“सरकारने मला किल्ली दिली नव्हती. यांनी दिलीय. धरा तिकडून.”

सकाळी फौज आली, तर गल्लीभर नुसत्या चौकटी. कॅमेरेवाल्याने कॅमेरा खाली केला. अधिकारी भडकला. दारं होती तशी बसवा, म्हणाला.

“बसवायला सुतार लागतो,” मावशी म्हणाल्या. “तो तुम्हालाच घाबरून पळालाय.”

अधिकाऱ्याने लाथेसाठी उचललेला पाय आता ठेवायचा कुठे? तो मुकाट उंबरा ओलांडून आत गेला, सगळ्या खोल्या हिंडला आणि बाहेर आला.

मावशी चौकटीला टेकून उभ्याच होत्या.

“घरात कुणी नाहीये,” त्या म्हणाल्या. “आले की सांगते. कोण आलं होतं म्हणून सांगू?”