बुधाजी कंडक्टर आणि साखरेची गाडी

बुधाजी एसटीतून निवृत्त झाले, पण त्यांच्या आवाजाला ती बातमी कुणी कळवलीच नाही. उभी हयात अलिबाग-रेवदंडा मार्गावर "चला, आत सरका, दारात कोण उभं राहू नका" असं ओरडण्यात गेली. गळा असा कमावलेला, की घरात त्यांनी पाणी मागितलं तर बायकोच्या, म्हणजे रखमाच्या, आधी शेजारीण तांब्या घेऊन हजर व्हायची.

आणि पाणी ते आताशा फारच मागायला लागले होते. पाणी प्यायचं आणि लघवीला पळायचं, दिवसभर हाच उद्योग. पँट सैल झाली तेव्हा तर गडी खूश झाला. "बघ, पोट कसं गेलं! पोरासारखा दिसतो की न्हाय?" रखमाने एकदा नीट निरखून पाहिलं आणि हाताला धरून त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. तिथे बोटाला सुई टोचली आणि साखर निघाली. थोडीथोडकी नव्हे, चांगली घसघशीत.

"माझ्या सात पिढ्यांत कुणाला साखर न्हाय," बुधाजी म्हणाले.

"सात पिढ्यांची तपासली होती कुणी?" रखमाने विचारलं.

झालं, बुधाजी रुसले. गोळ्या सुरू केल्या, पण गावात कुणाला कळू द्यायचं नाही अशी रखमाला ताकीद दिली. केंद्रात जायचं तर रुमालाने निम्मं तोंड झाकून जायचे. सगळ्या गाड्यांमधून सगळ्या गावाला तिकिटं दिलेला हा माणूस. रुमालाआडून त्याला कोण ओळखणार नाही? तरी लोक बिचारे ओळख न दाखवता बाजूला सरकायचे.

केंद्रात बाकड्यांसमोर एक टीव्ही होता. त्यावर मधुमेहाची माहिती देणारा व्हिडिओ दिवसभर फिरत असायचा. त्यात टाय लावलेले एक गोरेपान गृहस्थ काचेच्या वाडग्यातून हिरवा पाला खात आणि "मधुमेहींनी आपली जीवनशैली संतुलित राखावी" असं सांगत. ऐकता ऐकता बाकड्यावरच्या माणसांच्या माना कलंडायच्या. एक दिवस बुधाजींना राहवलं नाही. रुमालातूनच ते गरजले, "हा कुठल्या स्टॉपवर उतरणार हाय, कुणाला कळलं काय?"

झोपलेले सगळे खडबडून जागे झाले. आतून डॉक्टर मैत्री बाहेर आली. उरणकडची पोरगी, नुकतीच इथे रुजू झालेली. ओरडेल असं बुधाजींना वाटलं, पण ती हसत होती.

"जय भीम, काका. मग तुम्ही सांगा ना, कसं सांगू लोकांना? मी पण त्याला बघून कंटाळलेय."

"आधी मला तर कळू दे, ही साखर करते काय ते."

मैत्री शेजारी बसली. जेवलं की अन्नाची साखर होते, ती रक्तातून अंगभर फिरते, पण पेशींच्या आत शिरली तरच कामाला येते, आणि पेशीचं दार उघडतं इन्सुलिन, हे तिने हातवारे करून सांगितलं. ते नीट काम करेनासं झालं की साखर बाहेरच ताटकळते.

बुधाजींनी तोंडावरचा रुमाल काढला. "अगो, म्हणजे इन्सुलिन हा कंडक्टर! साखर म्हणजे स्टँडावरचे पाशिंजर. दार न्हाय उघडलं तर सगळी स्टँडावर गोंधळ घालणार. कुणी डोळ्याकडे धावेल, कुणी किडनीकडे, कुणी पायाकडे."

मैत्री टाळी वाजवून म्हणाली, "काका, शूटिंग करूया! मी मोबाइलवर घेते."

बुधाजींनी तिथल्या तिथे शर्टाची कॉलर सरळ केली. "पण मी फक्त कंडक्टर," त्यांनी बजावलं. "पेशंट न्हाय. मला काय झालेलं न्हाय."

"फक्त कंडक्टर," मैत्रीने कबूल केलं.

रविवारी सकाळी बंदराजवळच्या मैदानात सगळे जमले. गावातल्या दादूने आपली लग्नाच्या भाड्याची मिनीबस अर्ध्या तासाच्या बोलीवर दिली होती. त्यानंतर त्याला चौलला नवरदेवाचं वऱ्हाड उचलायला जायचं होतं. बुधाजींनी ट्रंकेतून जुना खाकी गणवेश काढला होता आणि बसमध्ये दोरी ओवून खरीखुरी घंटा बांधली होती. साखर व्हायला बंदरावरची मासळीवाली सोनाबाई आपल्या मैत्रिणींना घेऊन आली. प्रत्येकीच्या गळ्यात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत "साखर".

"आमी काय करायचा?" सोनाबाईने विचारलं.

"दार बंद असेपर्यंत बाहेर गोंधळ करायचा," मैत्री म्हणाली.

हे सांगायची खरं तर गरज नव्हती. त्या बायांनी असा काही कल्लोळ केला की माडांवरचे कावळे उडाले. सोनाबाईने बसच्या दारावर धडाधड बुक्के मारले. "उघड रं कंडक्टर! घरी पोरं उपाशी हायेत!" मैत्रीच्या हातातला मोबाइल हसण्याने थरथरत होता. मग बुधाजींनी खाडकन दार उघडलं, "एकेक करून या, म्हातारी साखर पुढे," असं म्हणत सगळ्यांना आत घेतलं. मैत्रीही मोबाइल धरून मागून चढली. बुधाजींनी दार ओढलं, दोरी धरली आणि सवयीने दोनदा ओढली.

टिंग टिंग.

दादू मघापासून घड्याळाकडे बघत बसलेला. दोन घंटा ऐकताच त्याने गिअर टाकला, आणि गाडी साखरेसकट निघाली.

आता एक घंटा दिली असती तर गाडी थांबली असती. बुधाजींना ते कळत होतं. दोरी हातातच होती. पण पायाखालची जमीन किती वर्षांनी हलत होती! खिडकीतून वारा येत होता, बाया किंचाळत होत्या, समोर ओळखीचं वळण येत होतं. बुधाजी दांड्याला धरून उभे राहिले आणि ओरडले, "चला, आत सरका!"

चौलला भाऊंच्या वाडीसमोर बँडवाले तयारच होते. भाऊ म्हणजे नवरदेवाचे वडील, नारळ-सुपारीचे मालक, फेटा बांधून दारात उभे. बस वळताना दिसली तसा बँड सुरू झाला. दार उघडलं आणि आतून उतरल्या गळ्यात "साखर" घातलेल्या बाया! बँडवाल्यांना वाटलं हाही काहीतरी नवीन प्रकार असेल. त्यांनी लय वाढवली. आणि बँड वाजत असताना सोनाबाई उभी राहील, हे या जन्मी तरी शक्य नव्हतं. पदर खोचून तिने सुरुवात केली, मागोमाग सगळी साखर नाचायला लागली, वऱ्हाडही त्यात घुसलं.

"काका!" मैत्री मोबाइल उंच धरून ओरडली. "हेच पुढे दाखवायचं होतं! आत गेलेली साखर कामाला लागते! नाचलं, चाललं की खर्ची पडते!"

एवढ्यात भाऊ बुधाजींजवळ आले. त्यांच्या हातात जिलबीची बशी होती. "बुधाजी, हे काय चाललंय?"

बुधाजींनी कंडक्टर, पाशिंजर, स्टँड सगळं समजावून सांगितलं. भाऊंचा चेहरा उतरत गेला. त्यांनी बशी हळूच कठड्यावर ठेवली आणि बुधाजींच्या कानाशी तोंड नेलं. "कुणाला बोलू नका. मलाही आहे. घरात माहीत नाही. गोळ्या खताच्या गोणीत लपवतो."

बुधाजींना एकदम भडभडून आलं. इतके महिने वाटत होतं, अख्ख्या तालुक्यात आपण एकटेच. "अहो भाऊ," ते म्हणाले, "मला पण हाय!"

त्यांना कुजबुजायचं होतं. पण कुजबुजणं त्या गळ्याला शिकवलंच नव्हतं. नेमका तेव्हाच बँड थांबला होता. "मला पण हाय" सुपारीच्या झाडांवर आपटून परत आलं.

सगळी साखर, सगळं वऱ्हाड वळून बघायला लागलं. बुधाजींचे कान तापले. रुमालासाठी हात खिशात गेला, पण खाकीच्या खिशात रुमाल नव्हता.

मग ढोलवाला म्हणाला, "काय हाय? साखर? मला पण हाय की!"

"मना पण!" सोनाबाई दम घेत म्हणाली. नवरदेवाची आत्या पुढे आली, "मलाही, पण आज लग्न आहे, आज काही बोलू नका." कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग हसू आवरेच ना. भाऊंच्या बायकोने कमरेवर हात ठेवून विचारलं, "खताच्या गोणीत?" ती पाठीमागेच उभी होती, तिलाही ऐकू गेलं होतं! भाऊंनी फेटा पुढे ओढला. बँडवाल्यांनी तेवढ्यात पुन्हा ताल धरला, आणि बुधाजी, ज्यांनी आयुष्यात चालत्या गाडीत तोल सांभाळण्यापलीकडे कधी पाय हलवले नव्हते, ते दोन्ही हात वर करून नाचले.

दादूने दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेत वऱ्हाड लग्नाच्या मांडवात पोचलं, दुसरीत साखर. साखर जेवूनच परतली. मैत्रीने पंगतीत बसून प्रत्येकीच्या पानातला भात अर्धा करवला, भाजी दुप्पट वाढायला लावली, आणि तेही मोबाइलवर घेतलं.

तो व्हिडिओ केंद्रातल्या टीव्हीवर लागला तेव्हा कुणाच्या माना कलंडल्या नाहीत. नंबर आला तरी लोक उठेनात, "थांबा, सोनाबाईला नाचू दे" म्हणत. मोबाइलवरून तो रेवसला गेला, उरणला गेला. चौलहून भाऊ सपत्नीक तपासणीला आले. बुधाजी गोळ्या वेळेवर घेतात, रोज किनाऱ्याने चालतात. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट बघून मैत्रीने त्यांना टाळी दिली.

आता दुसरा व्हिडिओ चाललाय, पायांची काळजी कशी घ्यायची यावर. बुधाजी ओटीवर पालथे, पायांचे तळवे वर करून झोपलेत, आणि या खेपेला बोलतेय रखमा. आरसा धरून तिने बोटांच्या बेचकीत डोकावलं आणि मोबाइलकडे वळून गंभीरपणे सांगितलं, "रोज असं बघायचं. जखम, फोड, भेग. आणि नवरा हलत असेल तर त्याच्या पाठीवर बसायचं."

"हे डॉक्टरनी सांगितलेलं न्हाय!" बुधाजी खालून ओरडले.

"ठेवायचं, ठेवायचं," मैत्री म्हणाली. तिला हसताना धड उभंही राहता येत नव्हतं.