वेस्टच्या पाण्याची पाळी

व्हॅक्यूम सुरू करून बराच वेळ झाला होता आणि स्विमिंग पूल आधीपेक्षा जास्त गढूळ दिसत होता. मी काठावर दांडी धरून पाण्याकडे बघत होते. मालक बापू खुर्ची टाकून माझ्याकडे बघत होते.

नगरजवळचं गाव. बापू दूध डेअरीतून रिटायर झालेले. त्यांच्या पत्नीचं, म्हणजे काकूंचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. टाके सुकल्यावर डॉक्टरांनी बजावलं, रोज छातीभर पाण्यात चाला, नाहीतर गुडघा आखडून बसेल. बापूंनी हौसेनं घरामागं छोटा पूल बांधला. काकूंनी त्यात पाय ठेवला नाही. "अशा पान्यात म्हशी बसत्यात," त्या म्हणाल्या. इकडे गुडघा दिवसेंदिवस वाकेनासा होत चालला होता. म्हणून मला बोलावलं. पूल मेंटेनन्स हा माझा धंदा.

व्हॅक्यूमचं काम सोपं असतं. लांब दांडीला ब्रश, ब्रशला पाईप. पंप तळाचा गाळ ओढतो. ते पाणी वाळू भरलेल्या टाकीतून जातं, कचरा वाळूत अडकतो, स्वच्छ पाणी पुलात परत येतं. हा सँड फिल्टर. पण आमच्याकडची उन्हाळ्यातली धूळ पिठासारखी बारीक. ती वाळूतून आरपार जाते. अशा वेळी टाकीवरचं हँडल 'वेस्ट'वर करायचं. मग पाणी वाळूत न जाता थेट बाहेर पडतं. थोडं पाणी जातं, पण गाळही जातो.

हँडल मी वेस्टवरच केलं होतं. तरी गाळ हटेना. पंप बंद करून टाकीचं झाकण उघडलं, आतलं रबर तपासलं, पाईपमधली हवा काढली. सगळं ठणठणीत. पंप पुन्हा चालू केला आणि समोरच्या कोपऱ्यात, पाण्याखालून, तपकिरी लोट वर येताना दिसला.

"बापू, तिथे कुठला पाईप आहे?"

"त्योच की, तुमचा वेस्टचा."

त्यांनी अभिमानानं सगळं सांगितलं. गावात ग्रामसभेचा नियम होता, कुणाच्याही घरचं पाणी गटारात किंवा रस्त्यावर जाता कामा नये. पुलाला परवानगी मिळाली तीही याच अटीवर. म्हणून बापूंनी प्लंबरकडून वेस्टचा पाईप फिरवून परत पुलातच जोडून घेतला होता. वर फरशी बसवली होती.

"थेंब भाईर जात न्हाई," बापू म्हणाले.

"घाणही जात नाही," मी म्हणाले. मला हसू येत होतं आणि रागही. तासभर मी तोच गाळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरवत होते.

पाईप तोडू या म्हटलं, तर बापू सरपंचांना विचारल्याशिवाय तयार होईनात. सरपंच आले, मागोमाग निम्मी आळी आली. काठावरच सभा भरली. काकू ओट्यावर पाय लांब करून ऐकत होत्या. मी सगळ्यांना वाळू, हँडल, गाळ समजावलं. पाणी वाया जाणार नाही, हेही सांगितलं. एक हौद करा, क्लोरीनचा वास जाईपर्यंत पाणी उन्हात राहू द्या, मग जनावरांच्या चाऱ्यासाठी लावलेल्या घासाला सोडा.

घासाचं नाव निघालं आणि सभेचा नूरच पालटला. शेजारचे बबनराव म्हणाले, हौद माझ्या बांधाला करा. दुसऱ्यानं विचारलं, तुमच्याच का? आतापर्यंत जे पाणी कुणी बाहेर पडू देत नव्हतं, त्यावरून भांडणं जुंपली. शेवटी कॅनॉलच्या पाण्याची लावतात तशी पाळी लावली, कुणाच्या रानाला कधी पाणी ते ठरलं. मग कुठे फरशी फुटली आणि पाईप हौदाकडे वळला.

पूल निवळला. तळाच्या टाईल्स दिसायला लागल्या. काकू लुगड्याचा काचा मारून, बापूंचा हात धरून उतरल्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालल्या. वळताना त्यांचा गुडघा वाकला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

पुढच्या व्हिजिटला पाणी काचेसारखं होतं. टाकीवरच्या दाबाच्या मीटरचा काटाही जागेवर. आज काही करायची गरज नाही, असं मी म्हणाले. बबनराव खोरं घेऊन उभे होते.

"मॅडम, आज माजी पाळी हाय."

"पूल स्वच्छ आहे, काका."

"मग मळवा की जरा."

त्या दिवसापासून आळीतल्या बायका काकूंना सोबत म्हणून पाण्यात उतरू लागल्या. घरच्यांनीच पाठवल्या होत्या, शेतातून थेट, पाय न धुता.

काकूंचा गुडघा चांगला झाला. डॉक्टरांनी पाण्यातलं चालणं बंद केलं तरी चालेल म्हटलं. बापूंनी पूल बुजवायचं मनावर घेतलं आणि ग्रामसभेनं एकमतानं ठरवलं की पूल बुजवायचा नाही, कारण उन्हाळ्यात पाळी बुडवता येत नाही. काकूंनी रोज चालावं, अशी विनंतीही केली.

"गुडगा माजा हाय का गावाचा?" काकूंनी भर सभेत विचारलं. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात होत्या.

हल्ली नवीन काम घेताना वेस्टचा पाईप कुठे जातो ते मी आधी बघते. आणि त्या पाण्यावर कुणाचा डोळा आहे, तेही विचारून घेते.