सुनेचा ड्रोन आणि आमची परी

आमच्या घरात किस्से असे साठतात की एक सांगायला काढावा, तर त्याचं शेपूट धरून चार बाहेर येतात!

तर आटपाट कापडे गाव. तिथे राहत होती मी, आमचे हे, मुलगा विलास, सून सुरेखा आणि नात परी. परीला चौथं लागलं तरी तोंडातून शब्द नाही. सगळ्या घराला घोर तेवढा एकच.

* * *

महाडचे डॉक्टर म्हणाले, "कान चांगले आहेत. घरात हिच्याशी भरपूर बोला."

झालं! विलास गाडीचं सांगतोय, हे भाताचं, मी देवादिकांचं, आणि सगळे एकदम!

शेजारची सुमन कुंपणावरून ओरडली, "काय गो काकू, भांडण लागलाय काय?"

"नाय गो, औषध चालू हाय!"

* * *

बचत गटानं सुरेखाला शेतावर फवारणी करणारा ड्रोन शिकायला पाठवलं. परत आल्यावर मी विचारलं, "ड्रोन म्हंजे काय गो?"

"मधमाश्यांतला नर, आई. काम काय करत नाय, नुसता गूं गूं करतो. सर म्हणाले, त्या आवाजावरनंच जुन्या इंग्रजांनी नाव पाडलं असंल. मशीनपण तसंच गुणगुणतं, म्हणून तेपण ड्रोन."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे झोपाळ्यावर भजन गुणगुणत होते.

"माझ्याकडं काय बघतेस?"

* * *

आवाजावरून नाव पडलं, तर नावात आवाज सापडायला हवा ना? भाकऱ्या थापताना मी म्हणून बघितलं. ड्र म्हटलं की दात थरथरतात, न म्हटलं की नाक वाजतं. म्हटलं, जोरात बघू. "ड्रोऽऽऽन!"

कवळी थेट पिठात!

परी पोट धरून हसली. पण हसण्यालाही आवाज नाही. सुरेखा पदरानं डोळे पुसत आत गेली.

* * *

मग आमच्या भातावर सुरेखाची पहिली फवारणी. सगळी वाडी बांधावर. ड्रोन उठला, गूंऽऽऽ! कोंबड्या पळाल्या, कुत्री भुंकली, आणि माणसं तर विचारूच नका.

"उजवीकडं घे गो!" विलास.

"आंब्यात घुसंल, आंब्यात!" हे.

"वहिनी, हात हलव की, फोटो काढतंय!" सुमन.

परी माझ्या कडेवर. मान वर, डोळे एवढे मोठे. एकाएकी तिनं माझ्या तोंडावर हात दाबला आणि साऱ्या वाडीवर ओरडली,

"गप बसा की सगली! तो बोलतो हाय!"

सुरेखानं कसाबसा ड्रोन खाली उतरवला. ह्यांनी आंब्याकडे रोखलेलं बोट ओठांवर नेलं.

परी एकटी बोलत होती.