नऊ किलो ज्वारीचा नातू

हैदराबादला थंडी पडते असं म्हटलं की दिल्लीकडे राहून आलेली माणसं हसतात. हसोत बापडी. त्यांनी एकदा डिसेंबरात भल्या पहाटे अफझलगंजच्या आमच्या घरात, शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहून चहा करून दाखवावा, मग बोलू. उन्हाळ्यात हीच फरशी इतकी छान गार असते की पाहुणे तिच्यावरून उठत नाहीत. हिवाळ्यात मात्र ती सगळा गारठा तळपायातून वर चढवते आणि थेट गुडघ्यात नेऊन ठेवते. माझं वय बासष्ट. शाळेतून मी निवृत्त झाले त्याच्या आधीच माझे गुडघे निवृत्त झाले होते. दिवाळी आली की ते कुरकुरायला लागतात आणि होळीपर्यंत कुणाचं ऐकत नाहीत.

गेल्या दिवाळीत त्यांनी माझा घात केला. मुलगा आणि सून गच्चीबावलीला राहतात, ते सणाला आले होते. भाऊबीज म्हणून सुनेचा भाऊ नांदेडहून आला होता आणि त्याच्यासोबत विहीणबाई. मी आठ महिन्यांच्या नातवाला मांडीवर घेऊन सतरंजीवर बसले होते. त्याला कडेवर घेऊन उठायला गेले, अर्ध्यापर्यंत आले आणि उजवा गुडघा अडला. वर जाईना, खाली येईना. मग मी बसले. जिथे बसले तिथे फराळाचं ताट होतं. नातवाला काही झालं नाही. तो खदखदून हसला, त्याला वाटलं आजी खेळतेय. चकल्यांचा भुगा झाला आणि माझ्या नव्या साडीला मागून असा तेलाचा डाग पडला की ती पुन्हा चारचौघांत नेसता आली नाही.

त्या दिवसापासून घरात एक नियम लागू झाला. शनिवारी ती मंडळी यायची, पोर माझ्याकडे झेपावायचं आणि सून गोड आवाजात म्हणायची, "आई, बसून घ्या हं." मग मी सोफ्यावर बसायचं, पाठीला उशी लावायची, आणि नंतर नातू माझ्या मांडीत ठेवला जायचा. आमचे हे बाजूला हात पुढे करून उभे. सून वाईट नाही, उलट फार समजूतदार आहे, आणि म्हणूनच भांडायलाही जागा नव्हती. पण मला ते लागलं. मुलगा लहान असताना त्याला कडेवर घेऊन मी पाणी भरलंय, बसच्या मागे धावलेय. आता माझ्याच नातवाला मी उभ्याने घ्यायचं नाही.

त्यातच एकदा सून म्हणाली, "संक्रांतीला बोरन्हाण करू या. माझी आई बसेल त्याला घेऊन, तुम्हाला त्रास नको."

बोरन्हाण आमच्याकडे एका ठरलेल्या पद्धतीने होतं. बापाच्या आईने बाळाला मांडीवर घेऊन पाटावर बसायचं. बाळाच्या डोक्यावरून बोरं, मुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे ओततात, आजूबाजूची पोरं ते वेचायला तुटून पडतात, आणि आजीने बाळाला कडेवर घेऊनच पाटावरून उठायचं. बाळाला खाली ठेवून उठायचं नाही, कुणाचा हातही धरायचा नाही. माझ्या सासूबाई अशाच उठल्या होत्या. आणि आता माझ्या घरात, माझ्या पाटावर विहीणबाई? त्या माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, पण काटक. खाली बसतात काय, उठतात काय, बघूनच माझे गुडघे दुखायचे. बाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण पाट म्हणजे पाट.

मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला. "झीज आहे, पण वयाच्या मानाने ठीक आहे. मांड्यांत ताकदच नाही तुमच्या. जिमला जा, वजनं उचला." मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाशी बोलत असतील म्हणून. मागे भिंत होती.

दोन गल्ल्या सोडून भांड्यांच्या दुकानावर एक जिम आहे, अकरा ते एक बायकांची वेळ. वर जायला बावीस अरुंद पायऱ्या. त्या जिला चढता येतात तिला जिमची गरज काय, असं मी वर पोचल्यावर विचारणार होते, पण दम लागला होता. शिकवणारी तिशीतली, डोक्याला घट्ट स्कार्फ बांधलेली, आणि दंड असे की मी आपोआप तिला 'आप' म्हणायला लागले.

"कायकू आए आंटी? वजन कम करना है?"

"नक्को," मी म्हटलं. "बच्चेकू गोद में लेके जमीन पे से उठना है. नौ किलो का है. संक्रांत के पहले."

बाकीच्या बायका लग्नासाठी बारीक व्हायला आल्या होत्या. तिने कोपऱ्यातली खुर्ची माझ्यापुढे ओढली. मग म्हणाली, "हौ, होता. कुर्सी पे बैठो, हाथां छाती पे, और उठो. बस इत्ताच."

इत्ताच म्हणे. पाच वेळा उठले-बसले आणि सहाव्या वेळी खुर्चीने मला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी घरच्या जिन्यावरून मी उलटी उतरले. पण महिनाभरात खुर्चीची जागा ठेंगण्या स्टुलाने घेतली, मग हातात वजन आलं, मग जमिनीवरून एक पाय पुढे टाकून उठणं. "घुटनेकू भूल जाव, कूल्हे से उठो. सांस छोडो आंटी, सांस," ती ओरडायची. आणि सुरुवातीलाच तिने घरचा अभ्यास दिला होता: घरात नऊ किलोचं जे असेल ते रोज उचला.

घरात नऊ किलोचं होतं काय? ज्वारी. हैदराबादेत तीन पिढ्या गेल्या तरी आमच्याकडे हिवाळ्यात भाकरी लागते, आणि त्यासाठी बेगम बाजारातून ज्वारी येते. मी नऊ किलो तोलून एका पिशवीत भरली, नातवाच्या जुन्या दुपट्यात गुंडाळली आणि वर गाठ मारली. रोज सकाळी ती मांडीवर घेऊन खाली बसायचं, एक पाय पुढे टाकून उठायचं आणि गॅलरीत तीन फेऱ्या मारायच्या. नुसतं पोतं घेऊन फिरायला कसंतरी वाटायचं, म्हणून बोलायचेही. "बघ, कबुतर बघ. ते बघ, काका कुठं चालले."

समोरच्या गॅलरीतली तेलुगू शेजारीण नवीन राहायला आलेली. तिने विचारलं, "मनवडा?" म्हणजे नातू का? एवढं समजावून सांगणार कोण? मी हो म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिने पोर किती शांत झोपतं म्हणून कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी तिचा चेहरा उतरला होता. मूल इतके दिवस रडत नाही, हलत नाही, डॉक्टरला दाखवा, असं तिने हातवारे करून सांगितलं. मी दुपटं सोडून दाखवलं. त्यानंतर ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. तिने तरी काय समजायचं?

डिसेंबर उजाडला, फरशी बर्फ झाली, आणि मी मात्र फुलत चालले. ज्वारीचा नातू दिवसेंदिवस हलका लागत होता. नोव्हेंबरात त्याला उचलताना तोंडातून निरनिराळे आवाज निघायचे. आता मी त्याला एका हाताने कडेवर घेत होते. "बघा," मी जेवताना ह्यांना दंड दाखवायचे. "धरून बघा. लोखंड." हे मान खाली घालून भाकरी मोडत राहायचे. मला वाटायचं, हेवा वाटतोय. जिममध्येही मी लंब्याचौड्या गप्पा मारल्या. शिकवणारी म्हणाली, "यहाँ तो आठ किलो में रोते तुम." मी म्हटलं, तुमचं लोखंड निराळं, आमची ज्वारी निराळी.

मग लसीकरणाहून सुनेचा फोन आला. नातू दहा किलो भरला होता. ज्वारी वाढवायला हवी, म्हणून मी दुपट्यासकट पिशवी घेऊन खालच्या किराणा दुकानात गेले. "एक किलो डालो, पूरा दस होना," मी ऐटीत सांगितलं. दुकानदाराने पिशवी काट्यावर ठेवली.

"साडेपाँच है अम्मा."

"काटा खराब है तुम्हारा."

त्याने शांतपणे पाच किलोचं सीलबंद आट्याचं पुडकं काट्यावर ठेवलं. पाच. मी म्हटलं, पुडकंच खोटं असेल. मागे रांग लागली होती. नाचता येईना अंगण वाकडं, हे वर्गात मी किती पोरांना ऐकवलं असेल. त्यातला एखादा त्या रांगेत असता तर त्याने मला ऐकवलं असतं.

घरी आले तर हे जेवत होते. भाकरी आणि अंबाडीची भाजी.

"अहो, हे पीठ कुठल्या ज्वारीचं?"

ह्यांनी माझ्या कडेवरच्या दुपट्याकडे बोट केलं. मग घास गिळून म्हणाले, "डब्यातली ज्वारी संपली. बेगम बाजारात त्या गर्दीत कोण जाणार? म्हणून आठवड्याला थोडी काढून गिरणीत नेली. गाठ तू मारतेस तशीच मारत होतो. म्हटलं, व्यायाम सकाळचा, भाकरी दुपारची. दोघांचं भागतंय."

म्हणजे मी सकाळी जे उचलत होते तेच दुपारी थापत होते आणि खात होते. नातू तिकडे वाढत होता आणि माझा इकडे आम्ही दोघांनी मिळून पिठल्याबरोबर संपवत आणला होता. मला आधी संताप आला, मग हसू आलं, आणि मग पिशवी खाली ठेवता ठेवता रडू आलं. अडीच आठवडे राहिले होते. ह्यांनी ताट सारलं आणि हात धुऊन, त्या गर्दीत, स्वतः बेगम बाजारात गेले. येताना साडेपाच किलो ज्वारी आणली, म्हणजे पिशवी अकराची. "एक किलो जास्तच असू दे," म्हणाले. "हलेल ना तो." संक्रांतीपर्यंत आम्ही दोघांनी भात खाल्ला. माझ्या तोंडातून पुन्हा निरनिराळे आवाज निघायला लागले, आणि त्या आवाजांचा मला पहिल्यांदाच धीर वाटला.

संक्रांतीला आकाशात पतंग, घरात बोरांचा वास आणि सगळ्यांची गर्दी. समोरची तेलुगू शेजारीणही आली. त्यांच्याकडे भोगीला मुलांवर बोरं ओततात, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. फक्त ह्या वेळी नातू खरा आहे ना, हे तिने गालाला हात लावून पाहिलं. पाट मांडला तशा विहीणबाई पदर खोचून पुढे झाल्या.

"मी बसते," मी म्हटलं.

सून थबकली. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, खोचलेला पदर सोडला आणि त्या बाजूला झाल्या. "बरं," सून म्हणाली, "पण उठताना मी धरणार."

मी बसले. काळं झबलं, हलव्याचे दागिने घातलेला माझा नातू मांडीवर. बोरं ओतली, पोरं तुटून पडली, मुरमुरे माझ्या केसांत गेले, नातवाने एक करवा तोंडात घातला. सून माझ्यामागे दोन्ही हात पसरून उभी होती. तेवढ्यात एका पोराने हरभऱ्याचा दाणा नाकात घातला. एकच गोंधळ उडाला. सून धावली, विहीणबाई धावल्या, हे चिमटा शोधायला धावले. पाटावर मी आणि दहा किलोंचा तो, आणि तो ज्वारीसारखा गप्प बसणारा नव्हता.

मी एक पाय पुढे टाकला. गुडघ्याला विसरले. श्वास सोडला आणि उठले.

कुणी पाहिलं नाही. तिकडे दाणा निघाला, पोर शिंकलं, सगळे हसले. सून घाम पुसत वळली. मी नातवाला कडेवर घेऊन उभी होते. तिचं लक्ष त्याच्या झबल्याकडे होतं. "आई," ती म्हणाली, "सगळे मुरमुरे मानेत गेलेत त्याच्या. आत नेऊन कपडे बदलता का?"

आत पलंग रिकामा होता. मी बराच वेळ त्याला घेऊन उभीच राहिले.