झऱ्याचा पहिला तांब्या

महाडला आमचं घर एमआयडीसीच्या बाजूला आहे. लग्न होऊन आले तेव्हा गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे ठिपके बसायचे. मग जवळच्या एका कारखान्याने दगडी कोळसा बंद केला. गेटवर भलामोठा फलक लागला, त्यावर एक हिरवं पान आणि ‘हरित इंधन’ अशी अक्षरं. माझ्या चादरी पांढऱ्या राहू लागल्या. मी खूश झाले. कोण होणार नाही? त्या बॉयलरात आता काय जळतं, हे विचारावं असं आमच्यातल्या कुणालाच वाटलं नाही.

जळत होतं लाकूड. त्याचा भुसा करायचा आणि दाबून कांड्या पाडायच्या. त्याला ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. लाकडाचे ट्रक पोलादपूरकडून येत. एका वर्षी त्यांतले काही माझ्या माहेरच्या डोंगरावरून आले.

माहेर पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या अंगाला. घरामागचा डोंगर भावकीचा, सामाईक. त्यावर ऐन, किंजळ, मधूनमधून आंबा. दर काही वर्षांनी त्याची तोड ठेकेदाराला द्यायची ही जुनी रीत, आणि मी काही तिच्या विरोधात नाही. गुडघाभर खुंट ठेवून तोडायचं. पावसात खुंटाला धुमारे फुटतात आणि पोरं मोठी होईस्तोवर डोंगर पुन्हा भरतो. मुळं जाग्यावर, म्हणून पायथ्याचा झराही जाग्यावर. त्या झऱ्यावर आईचं अख्खं आयुष्य गेलं. रोज सकाळी पहिला तांब्या झऱ्याशेजारच्या शेंदूर लावलेल्या दगडावर ओतायचा, मग हंडा भरायचा. घरात भांडण असो, अंगात ताप असो, हा क्रम तिने कधी मोडला नाही.

शिमग्याला मुंबईची भावकी आली आणि तोड द्यायचं ठरलं. आई एवढंच म्हणाली, “झऱ्याच्या वरचा भाग नको.” भावाने ठेकेदाराला बजावलं, “खुंट ठेवायचा, नेमीसारखा.” तो म्हणाला, “नेहमीसारखाच.” आमच्या माणसांना तेवढं पुरतं. रस्ता कुठून काढणार, हे कुणी विचारलं नाही, कारण पूर्वी लाकूड माणसांच्या डोक्यावरून उतरायचं. बॉयलरला एवढा धीर कुठला! जेसीबी आला. ट्रक वर चढावा म्हणून त्याने डोंगर आडवा कापला, नेमका झऱ्याच्या वर. वाटेतले खुंट मुळासकट उपटले. ती मुळंही मग ट्रकमध्ये भरून नेली, कारण तीही जळतात.

महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळून माणसं गाडली गेली, तेव्हापासून आमच्याकडे कापलेला डोंगर दिसला की लोक आधी वर बघतात. पावसात त्या रस्त्याची कड सुटली. घरं वाचली, माती झऱ्यावर बसली. भावाने आणि शेजाऱ्यांनी ती उपसली, तर खाली ओलसुद्धा नव्हती. मी भावाला वाट्टेल ते बोलले. शेवटी तो म्हणाला, “ताय, म्हाडात धूर तुमालाच नको व्हता ना?” मला संताप आला. अजून येतो.

यंदा उन्हाळ्यात माहेरी गेले होते. त्याच कापलेल्या रस्त्याने पाण्याचा टँकर आला, डिझेलचा काळा धूर सोडत. चुलीला लाकूड उरलं नाही म्हणून गॅसचा सिलिंडरही पोलादपुराहून गाडीतच येतो. त्या फलकावरचं हिरवं पान मला आठवलं.

“आई, चल माझ्याकडे महाडला,” मी म्हटलं. “नळ सोडला की पाणी आहे.”

“मी आले तर हितलं कोण करंल गो?” ती म्हणाली. मला वाटलं, घराचं म्हणतेय.

टँकरच्या पाइपाखाली तिने आधी तांब्या धरला. रांगेतल्या बायका बाजूला झाल्या. तांब्या सांभाळत ती कोरड्या झऱ्यापर्यंत उतरली, टँकरचं पाणी दगडावर ओतलं, हात जोडले. पाणी शेंदरावरून ओघळून मातीत गेलं. मग ती गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि झऱ्याच्या तोंडात बघत राहिली. टँकरवाल्याने हॉर्न वाजवला.

“आले रं बाबा,” ती म्हणाली. पण हलली नाही.