खाकी कव्हरातला खेळ

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ ओझरच्या कारखान्यात आहेत. त्यांच्याकडे एकाच खेळाची चाळीस पुस्तकं आहेत. कुणी राजा, कुणी चेटकीण व्हायचं आणि टेबलाशी बसून गोष्ट रचायची, असा तो खेळ. मूळ पुस्तक एकच, बाकी पुरवण्या. सगळ्यांना शाळेसारखी खाकी कव्हरं घातली, आता कुठली कशाची ते त्यांनाच कळत नाही.

"खेळता कधी?" मी विचारायची.

"आजी, माणसंच मिळत नाहीत हो."

रविवारी मिनतवारीने तिघे सहकारी आले. गृहस्थ दुपारपर्यंत पुरवण्यांचा क्रमच समजावत बसले. मी पोहे घेऊन गेले, तर तिघे चपला शोधत होते. म्हणून नातवाची सापशिडी नेऊन दिली. तिघे खेळायला, हसायला लागले.

गृहस्थांनी पट उचलला. सोंगट्या सांडल्या. पट उलटा करून म्हणाले, "आजी, ह्याचे नियम कुठे छापलेत?"