एकोवाला शिवप्रसाद

शिवप्रसाद मगदूमला शाहूपुरीत कुणी शिवप्रसाद म्हणत नसे. तो होता एकोवाला. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून ज्या जाहिराती फिरायच्या, मग तो साड्यांचा सेल असो, सर्कस असो नाहीतर कुस्त्यांचं मैदान, त्यातल्या बहुतेक कॅसेटी त्याच्या खोलीत भरलेल्या असायच्या. त्या ओळखायला फार अक्कल लागत नसे. 'भव्य' हा शब्द एकदा उच्चारला की तो 'भव्य, भव्य, भव्य' करत पुढच्या चौकापर्यंत घुमत जायचा. एकदा सवयीनं त्यानं एका निधनाच्या निवेदनालाही एको लावला आणि मयताचं नाव गल्लीगल्लीत चारचारदा घुमलं. त्याला वाटलं, आता घरचे लोक मारायला येणार. ते आले खरे, पण पेढे घेऊन. म्हणाले, "आबांचा मान राखलासा."

त्याची खोली गुळाच्या अडतीच्या मागं होती. आवाज घुमू नये म्हणून त्यानं भिंतींना गुळाची रिकामी पोती ठोकली होती. घुमणं थांबलं, पण मुंग्यांनी माईकमध्ये बिऱ्हाड केलं. कुणी जाहिरात वाचता वाचता मध्येच नाक चोळायला लागला, तर शिवप्रसाद शांतपणे म्हणायचा, "चावली काय? वाच, वाच, थांबू नगंस." मुळात तो जयसिंगपूरचा. वडील भरमाप्पांचं तिथं बियाण्यांचं दुकान होतं आणि पोरानं गल्ल्यावर बसावं एवढीच त्यांची इच्छा. पण पोराला माणसाच्या आवाजाचं वेड लागलं होतं, त्याला बियाणं काय करणार!

पुढं रिक्षांचे भोंगे कमी झाले, कॅसेटी गेल्या, आणि दोन हजार सालानंतर काही वर्षांनी शहरात खाजगी रेडिओ आला. त्या स्टेशनचा मुख्य होता सम्राट, पंचविशीतला, पुण्याला शिकून आलेला, पण मूळचा इथलाच मुलगा. लहानपणी त्यानं एकोवाल्याच्या रिक्षामागं धाव घेतलेली. त्यानं शिवप्रसादला रेकॉर्डिंगच्या कामावर बोलावून घेतलं आणि सांगितलं, "अण्णा, आपला आवाज गर्दीत उठून दिसला पाहिजे." शिवप्रसादनं तसा आवाजही आणून दिला. कळंब्याच्या बालवाडीत शिकवणारी निशिगंधा. शाळेच्या गॅदरिंगचं रेकॉर्डिंग करताना त्यानं तिला ऐकलं होतं. ती नोकरी सोडायला कचरत होती. "मी हाय की," असं छातीवर हात मारून सांगून त्यानंच तिला आणलं. सकाळी आठचा कार्यक्रम तिला मिळाला. लोकांनी फोन करून आपल्या गल्लीतल्या गमतीजमती सांगायच्या, असा तो कार्यक्रम होता.

लोक फोनच करेनात. निशिगंधा 'वाट बघतेय हं' म्हणून गाणं लावायची, गाणं संपायचं, फोन आपला गप्प. तीन महिन्यांनी सम्राटनं दोघांना बसवून स्पष्ट सांगितलं. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात सकाळचा तयार कार्यक्रम पडून होता, दसऱ्यापर्यंत इथले फोन वाजले नाहीत तर तोच लागणार होता. म्हणजे निशिगंधा घरी. बालवाडीत तिच्या जागी दुसरी बाई कधीच आलेली. शिवप्रसादला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपण एका पोरीची चांगली चाललेली नोकरी सोडवली, ही गोष्ट त्याला खात राहिली.

मग त्यानं कंबर कसली. निशिगंधा कार्यक्रमाआधी आणि एरवीही गाण्यांच्या मध्ये जाहिरातीसारखे वाजणारे आवाजाचे छोटे तुकडे रेकॉर्ड करायची, ते तो दिवसभर सजवत बसायचा. आवाज भारदस्त व्हावा म्हणून बेस चढवला. एकही शब्द दुसऱ्यापेक्षा बारीक राहू नये म्हणून सगळे दाबून एका पातळीला आणले. खाली हलगी, पुढं तुतारी, मागं अर्थातच एको. निशिगंधानं ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अण्णा, मला मीच वळखू ईना!"

"उठून दिसतोय का न्हाई?"

"दिसतोय. पण कुणाचा हाय त्यो?"

रविवारी तो घरी होता. आता शाहूपुरीत त्याच्याकडंच राहणारी आई शांतव्वा चुलीपाशी भाकऱ्या थापत होती आणि फळीवर रेडिओ चालू होता. अव्वाला गाण्यांची भारी हौस. गाणं संपलं, तुतारी वाजली आणि शिवप्रसादनं कान टवकारले. तेवढ्यात अव्वानं पिठाच्या हातानं रेडिओ बारीक केला. तुकडा संपला, गाणं लागलं, तसा मोठा केला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याच्यानं राहवलं नाही.

"अव्वा, बारीक का करतीस?"

"साकु, साकु! बास की ते. कोण पोरगी हाय, रोज अंगावर वरडती. माझी भाकरी करपती."

"ती वरडत न्हाई. आवाज म्याच तसा केलाय."

"मग कशाला लेकराला वरडाय लावतोस?" असं म्हणून अव्वानं भाकरी उलटली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

शिवप्रसादला ते फार लागलं. सगळ्या शहरानं नावाजलेली त्याची कला, आणि घरच्या फळीवर तिचा कान पिळला जात होता! दुपारी तो रुसून पेपर वाचत बसला. परसात अव्वा भिंतीपलीकडच्या बाळाबाईशी बोलत होती. दोघींच्या आवाजाला गल्ली सरावलेली, त्यामुळं कुणाचं लक्ष नव्हतं. मग एकाएकी अव्वानं आवाज खाली आणला. शिवप्रसादचा पेपर आपोआप मांडीवर आला. वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ बंद केला. शेजारच्या घरातलं चटणी कुटणं थांबलं. सगळी गल्ली श्वास धरून बसली होती आणि अव्वा बाळाबाईला कुणाच्यातरी मोडलेल्या सोयरिकीची हकीकत सांगत होती.

शिवप्रसाद पेपर टाकून उभाच राहिला. रिक्षाला रस्त्यावरच्या गोंगाटाशी भांडावं लागतं. रेडिओ तर आधीच माणसाच्या कानापाशी, भाकरीच्या तव्याशेजारी जाऊन बसलेला असतो. तिथं जाऊन आपण इतके दिवस भोंगा वाजवत होतो! स्वतःच्या मूर्खपणाचं त्याला इतकं हसू आलं की अव्वानं परसातून विचारलं, "काय झालं रं?"

दुसऱ्या दिवशी त्यानं निशिगंधाला माईकच्या अगदी जवळ बसवलं. 'प' आणि 'भ' म्हणताना श्वासाचा फटका बसू नये म्हणून माईक तोंडासमोरून जरा बाजूला सरकवला. "समोर आमच्या शेजारची बाळाबाई हाय असं धर," तो म्हणाला, "मोठ्यानं बोललीस तर तिच्या सासूला ऐकू जाईल." निशिगंधाला खुदकन हसू फुटलं. ते हसू त्यानं तसंच ठेवलं. हलगी काढली, तुतारी काढली, बेस उतरवला. गाणं वाजता वाजता एकदम तोडलं आणि तिच्या आवाजाआधी एका श्वासाची निव्वळ शांतता ठेवली. एकोच्या बटणाकडं हात सारखा जात होता, तेव्हा त्यानं तो मांडीखाली दाबून धरला.

सम्राटनं ऐकलं आणि तो घाबरला. "अण्णा, मध्येच काहीच नाही? लोकांना वाटेल स्टेशन बंद पडलं."

"वाटू दे की."

"दसरा चार दिवसांवर आलाय."

"म्हणून तर म्हणतोय, वाटू दे."

सकाळी घरात बसवेना, म्हणून शिवप्रसाद गुंडूच्या चहाच्या हॉटेलात जाऊन बसला. हॉटेल भरलेलं होतं. एका कुस्तीच्या निकालावरून दोन टेबलांत जुंपली होती, कपबश्या आदळत होत्या. कोपऱ्यात रेडिओ वाजत होता, त्याच्याकडं कोण बघतो! आठ वाजत आले. गाणं अर्ध्यात तुटलं. गुंडूनं चमकून मागं पाहिलं, रेडिओवर थाप मारायला हातही उचलला. तेवढ्यात बारीक आवाजात निशिगंधा बोलली, "ऐकताय न्हवं? जरा जवळ या की. काल आमच्या गल्लीत काय झालं, ते मोठ्यानं सांगण्यासारखं न्हाई."

आणि तिला हसू फुटलं.

"ए, गप रं!" टेबलावरचा एक पैलवानासारखा गडी दुसऱ्यावर खेकसला. "ऐकू दे की जरा!"

हॉटेल गप्प झालं. शिवप्रसादनं चहाचा कप खाली ठेवला. लोकांना ऐकू जावं म्हणून त्यानं उभा जन्म आवाज चढवण्यात घालवला होता. त्याचं काम ऐकायला मिळावं म्हणून कुणी दुसऱ्याला गप्प केलेलं त्यानं आज पहिल्यांदा ऐकलं. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं लपवलेही नाहीत.

कार्यक्रम सुरू झाला. निशिगंधानं गल्लीतली गंमत अर्धी सांगितली आणि गाणं लावलं. हे तिला सांगितलंच पाहिजे, म्हणून शिवप्रसादनं खिशातून मोबाईल काढून स्टेशनचा नंबर फिरवला. लाइन बिझी. परत फिरवला. बिझी. पुन्हा बिझी.

पलीकडच्या टेबलावरून तो पैलवान गडी वाकला. त्याच्याही कानाला मोबाईल होता आणि चेहरा वैतागलेला.

"पावणं, त्या रेडिओलाच लावताय न्हवं? तुमचा तरी लागला काय?"

"न्हाई की!" शिवप्रसाद असा आनंदानं ओरडला की सगळं हॉटेल त्याच्याकडं बघायला लागलं. "कितीदा लावला, लागतच न्हाई!"